जवाचे मोड

कुवेतमधल्या मंगाफच्या त्या चारमजली इमारतीत मोड आणावेत तर शीलाने, याबद्दल दुमत नव्हतं. तिने फडक्यात बांधलेली मटकी दुसऱ्या दिवशी लांबसडक मोड काढून बाहेर डोकावायचीच. तेव्हा नवऱ्याची बिअर आज ना उद्या तिच्या हातात येणार, हे ठरलेलंच होतं म्हणा ना.

नवरा गुरुप्रसाद, मूळचा नाशिकचा, रिफायनरीत इंजिनियर. लग्नाआधी कंपनीने त्याला सहा महिने इंग्लंडला धाडलं होतं. तिथल्या काळ्याभोर, भाजक्या जवाच्या गोडसर चवीच्या बिअरने जे वेड लावलं ते काही उतरलं नाही. कुवेतमध्ये दारूला बंदी. पकडलं तर नोकरी जाणार आणि पुढच्या विमानाने घरी. तरी हा पठ्ठ्या शुवैखच्या बाजारातून झाकणाचं पिंप आणून पाहुण्यांच्या बाथरूममध्ये प्रयोग करायचा. दुकानातलं बिनदारूचं माल्टचं पेय, त्यात साखर आणि पावाचं यीस्ट. जे व्हायचं त्याला शिळ्या कणकेचा वास यायचा.

अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात त्याने पुस्तकातून वाचून दाखवलं, की खरी बिअर जवाला मोड आणून, वाळवून, भाजून होते.

"एवढंच? मग आधी का नाही बोललात?" शीला म्हणाली. ती स्वतः थेंबालाही शिवत नसे, पण मोडाचं नाव काढल्यावर तिला राहवेना. गच्चीवरच्या उन्हात मोडाचे जव दोन दिवसांत कुरकुरीत झाले. त्यातले थोडे तिने लोखंडी तव्यावर कॉफीच्या रंगावर भाजले आणि सगळे भरडून दिले.

त्या खमंग वासाने खालच्या मजल्यावरची शरीफा वर आली. शरीफा रत्नागिरीची, नवरा मुनव्वर शर्कच्या मासळी बाजारात. आखाती युद्धानंतर दोघी एकाच आठवड्यात कुवेतला परतल्या, तेव्हापासूनची मैत्री. शरीफा परक्या घरी पाणीसुद्धा जपून प्यायची, पण शीलाकडे चौकशी न करता ताटावर बसायची. "शाकाहारी घर तुझं, त्यात काय बघायचं?" म्हणायची.

"काय गो भाजतेस? बाळंतिणीच्या पेजेसारखा वास येतोय. युसराला दूध कमी येतंय, तिला देऊ?"

युसरा तिची लेक, नुकतीच बाळंत झालेली. शीलाने बरणीभर जव दिले. महिन्याभरात बाळाने बाळसं धरलं आणि शरीफा इमारतभर सांगत सुटली, की माझ्या युसरासाठी शीला एवढा खटाटोप करते! शीला ते ऐकून घ्यायची आणि काही बोलायची नाही. ते न बोलणं तिला आत कुठेतरी टोचत असायचं.

रमजान लागला. पहिल्याच रोजाला शरीफा इफ्तारच्या गव्हाच्या खिचड्यासाठी मोठं पातेलं मागायला आली. शीला गच्चीवर होती. गुरुप्रसादने मोठ्या उत्साहाने पातेलं घासूनपुसून हातात दिलं. त्याच पातेल्यात तो बिअर उकळायचा.

"अगं, शरीफाला पातेलं चकचकीत करून दिलंय!" शीला गच्चीवरून खाली आल्यावर तो म्हणाला. शीलाने कपाळावर हात मारला. गप्प बसली असती तरी खपून गेलं असतं. पातेलं स्वच्छ होतं, कोणाला कळणार होतं? पण शरीफा त्यातल्या घासावर रोजा सोडणार होती. शीला तशीच जिना उतरून धावली.

"शरीफा, थांब. त्या पातेल्यात आमच्याकडे बिअर करतात. तुला दिलेले जव त्यासाठीच केलेले, त्यातलेच काढून दिले. तुला आधीच सांगायला हवं होतं."

भिजवलेले गहू शरीफाने नुकतेच पातेल्यात ओतले होते. "युसराला पाजलंस ते?"

"नुसते जव. देवाशपथ."

शरीफाने गहू काढले, पातेलं रिकामं करून हातात दिलं. "जा तू वर."

वर येऊन शीला रडायला लागली. गुरुप्रसाद घाबरला. "ती कोणाला सांगेल का गं?"

"ते नाही हो! ती आता माझ्या हातचं खाणार नाही."

गुरुप्रसाद उठला. मुरत ठेवलेल्या तीस बाटल्या त्याने एकेक करून बाथरूममध्ये ओतल्या. शेवटची शीलाने धरली. "निदान चाखा तरी." त्याने घोटभर घेतली, डोळे पुसले आणि म्हणाला, "शीला, हीच गं ती." मग तीही ओतली. या माणसावर रागवावं तरी कसं, हे शीलाला लग्नापासून कळलं नव्हतं.

दरवर्षी रमजानभर खालून ताट यायचं. यंदा एकदाही आलं नाही. शीलाने महिनाभर एकदाही मोड आणले नाहीत, फक्त ईदच्या आदल्या दिवशी मटकी भिजत घातली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ईदच्या दुपारी बेल वाजली. दारात शरीफा, हातात रिकामी बरणी, कोरं पातेलं आणि नवं पांढरं फडकं.

"युसराचं दूध परत आटलं. मी जव भिजवले, ते नुसतेच आंबले. हे तुझ्याकडे ठेव, यात फक्त आमचंच कर."

"आता दुसरं काही होतच नाही गं. यांनी सगळं ओतून टाकलं."

"मी विचारलं काय? त्या दिवशी तू धावत आलीस, तेवढं पुरे आहे मला." शरीफा आत येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली. "काय केलंयस आज? वाढ."

शीलाने मटकीची उसळ वाढली. शरीफाने पहिला घास तोंडात घालेपर्यंत ती पळी हातात धरून उभीच होती.