अवैध क्रमांक

नातवंडांनो, निवृत्तीनंतर काही वर्षं मी अमरावतीतल्या एका मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट सांभाळत असे. सांभाळणं म्हणजे मजकूर लिहिणं आणि प्रवेशाच्या दिवसांत ऑनलाइन अर्ज नीट भरला जातो की नाही ते पाहणं. वेबसाइट बांधली होती माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. तिच्या अब्बांचा इथे छापखाना होता, त्यामुळे प्रूफ तपासायची सवय तिला घरातूनच लागलेली. तिने मला लॉगिन करून दिलं होतं. त्यातून आत गेलं की पानावरचं कुठलंही वाक्य बदलून जतन करता येई.

ती वर्षं वऱ्हाडात पिकांसाठी वाईट होती. शहरात खोली घेऊन मुलीला ठेवणं फार थोड्यांना जमे, म्हणून आमच्याकडे अर्ज वाढत चालले होते. अर्ज मराठीत असावा, हा हट्ट माझा. आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यामुळे त्या भाषेला बिचकणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या होत्या. काही चुकलं की लाल अक्षरांत जी इंग्रजी वाक्यं उमटत, ती सगळी मी एका दुपारी मराठीत केली. 'इनव्हॅलिड नंबर'चं केलं 'अवैध क्रमांक'. कोशात तसंच आहे.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकोटहून फोन आला. बोलणारे गृहस्थ तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते.

"मॅडम, आमचा नंबर अवैध काहून म्हणता तुमी?"

"कुठला नंबर?"

"मोबाइलचा! सिमच्या दुकानात जाऊन आलो. तो म्हणते, बराबर आहे, तुमच्याच नावावर आहे. अवैध दारू राहते, अवैध रेती राहते. आमी काय चोरीचा फोन वापरून राहिलो?"

तुमचे आजोबा वकील. शेजारीच बसून ऐकत होते; पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "कलम कोणतं लावलंस?"

मी त्या गृहस्थांना नंबर वाचायला सांगितला. दहा अंक बरोबर होते. मग त्यांच्या मुलीने फोन घेतला. "मॅडम, मी मराठीतच टाकला. वर लिहिलं आहे ना, अर्ज मराठीत भरावा."

तिने अंकही मराठी टाकले होते, आणि आमच्या अर्जाला फक्त इंग्रजी अंक कळत होते. माझी सूचना तंतोतंत पाळली म्हणून तिचा अर्ज अडला होता.

वडील पुन्हा फोनवर आले. "हॉस्टेल लागलं तरच तिची आई तिले धाडते. नाही तं राहिलं कॉलेज."

विद्यार्थिनीला फोन केला. तिने दहा मिनिटांत दोन्ही तऱ्हेचे अंक चालतील असं केलं. लाल वाक्य मी बदललं: 'मोबाइल क्रमांकाचे दहा अंक पूर्ण लिहा. मराठी किंवा इंग्रजी, कोणतेही चालतील.' जतन केलं, मराठी अंक टाकून स्वतः पाहिलं, आणि अकोटला कळवलं.

"अजून तेच दाखवून राहिलं, मॅडम."

"पान पुन्हा उघडा."

"चारदा उघडलं."

"मला इथे बरोबर दिसतंय."

"तुमाले दिसत असन. आमाले अवैधच दिसून राहिलं."

माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "जरा नीट वाचा तरी, काय लिहिलंय ते!"

ते हळू म्हणाले, "वाचता येते मले."

मी फोन ठेवला. माझ्या त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

विद्यार्थिनीला पुन्हा फोन केला, तर ती मात्र ऐकून हसली. "मॅडम, तुम्ही आत बसून बघताय. बाहेर या."

मी लॉगआउट केलं, परक्या माणसासारखं पान उघडलं. माझाच 'अवैध' समोर उभा!

येणाऱ्या प्रत्येकासाठी पान नव्याने तयार करायला वेळ लागतो, म्हणून वेबसाइट एक तयार प्रत ठेवते आणि तीच सगळ्यांना देते. तिला कॅशे म्हणतात. लॉगिन केलेल्याला तेवढं ताजं पान मिळतं. एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळा रंगवलेला फलक असतो ना, तसं. वेळ बदलली की खिडकीतल्या बाबूला कळते, पण फलक पुन्हा रंगवेपर्यंत प्रवासी जुनीच वेळ वाचतात. मी खिडकीत बसून प्रवाशाशी भांडत होते.

"वरच्या कोपऱ्यात बटण आहे. कॅशे साफ करा," ती म्हणाली.

"मला वाटायचं, त्याने सगळं पुसलं जाईल."

"जुनी प्रतच जाते, मॅडम. दाबा."

दाबलं. अकोटला फोन केला आणि धरूनच ठेवला. पलीकडे मुलगी टाइप करत होती, वडील अंक सांगत होते. मग ती ओरडली, "पोचपावती आली!"

"मॅडम," वडील म्हणाले, "आता वैध झालो काय आमी?"

"तुमचा नंबर पहिल्यापासून बरोबर होता. चूक माझी होती. मघाशी बोलले, तीही."

"हे जरा तिच्या आईले सांगा. सकाळपासून मलेच बोलून राहिली."

मी त्यांनाही सांगितलं. फोन ठेवल्यावर मुद्दाम चुका करून बाकीची लाल वाक्यं उमटवली आणि बाहेरूनच एकेक वाचली. 'अवैध' आणखी तीन ठिकाणी सापडला.

जुलैत ती मुलगी बॅग घेऊन आली. वसतिगृहाच्या रजिस्टरमध्ये घरचा फोन लिहायचा होता. तिने पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणत्या अंकांत लिहू?"