जबड्याची खिडकी

आमच्या आंदर मावळात जत्रेला बैलगाडे पळतात. गाडा सुटताना माइकवर ‘झाली, झाली, झाली... भिर्रर्र!’ असं ओरडणारा एक माणूस लागतो. तो मी. माझा खालचा जबडा एका बाजूनं फुगायला लागला, तेव्हा गावाला माझ्यापेक्षा जत्रेचीच काळजी जास्त.

तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासून घेतला. “गाठ साधी आहे, कॅन्सर नाही,” त्या म्हणाल्या. पण साधी असली तरी ती आतून हाड पोखरत होती. एक उपाय म्हणजे तेवढा जबडा कापायचा आणि तिथं पायाचं हाड बसवायचं.

“म्हंजी ह्यो बोलताना पाय हलंल का?” आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मनापासून विचारलं.

मला हसू आलं नाही. भिर्रला आधी ओठ नीट मिटावे लागतात. ओठ वाकडा झाला, सुन्न पडला, तर मी कशाला उरलो? मला खरंच भीती वाटली.

“आधी जबडा वाचवून बघू,” बाई म्हणाल्या. “तोंडाच्या आतून गाठीला खिडकी ठेवू. रोज धुवायची. आतला दाब गेला की गाठ आकसते, हाड भरत येतं. मग उरलेली खरवडून काढू. परत येऊ शकते, म्हणून तपासणी मात्र सोडायची नाही.”

आबांनी गावात सांगितलं, “पोराच्या जबड्याला खिडकी पाडली.” झालं! शेजारची मावशी बॅटरी घेऊन हजर.

“आ कर. गज बशीवल्यात का न्हाई? माशी जाईल की रं!” दुसऱ्या दिवशी तिनं मच्छरदाणीचा तुकडा आणून दिला. भेटायला येणारे तर गाठ साधी आहे हे ऐकून हिरमुसायचे. “साध्या गाठीला एवढी बिस्किटं आणली व्हय आमी?” गावातले एक भाऊ म्हणाले, आणि त्यातलाच पुडा फोडून खात बसले.

खिडकी धुवायचं काम आबांनी घेतलं. धार काढून झाली की ते पिचकारीत औषधाचं पाणी भरायचे, माझी हनुवटी धरायचे आणि गाईला म्हणावं तसं म्हणायचे, “हो... हो... उबी ऱ्हा.” मी उभी राहायचो.

जत्रेला शेजारच्या गावचा गडी माइकवर आला. त्याची भिर्र म्हणजे थंडीत सुरू न होणारी स्कूटर. मी जळफळलो. आबा गाडे पळतात त्या घाटाकडे फिरकलेच नाहीत.

पुढे गाठ अक्रोडाएवढी आकसली. बाईंनी ती खरवडून काढली, टाके निघाले. जबडा जागेवर होता. “ओठ मिटून काहीतरी बोला बघू,” त्या म्हणाल्या.

मला दुसरं काय सुचणार? “भिर्रर्र!” बाईंच्या चष्म्यावर तुषार उडाले.

दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या आबांनी टोपी वर उडवली. “झाली रं! झाली, झाली!”

मी बाहेर येऊन म्हणालो, “आबा, आधी झाली म्हणायचं असतं, मग भिर्र.”

त्यांनी माझी हनुवटी धरली. “हो... हो... उबी ऱ्हा,” ते म्हणाले.