द्रोणातले सहा नट

लखनौला इंदिरा नगरमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा हिवाळा असेल. एका आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोन गाड्या सकाळी विटांवर उभ्या सापडल्या... चाकं गायब.

दुसरी गाडी समोरच्या शुक्लाजींची. त्यांना चाकांपेक्षा विटांचं दुःख जास्त. "बहनजी, ईंटें भी हमारी ही दीवार से निकालीं!" असं ते आल्यागेल्याला सांगत होते.

आमच्या ह्यांनी धसकाच घेतला. मारुती घेऊन जेमतेम सहा महिने झालेले. कुठूनसे लॉकवाले नट घेऊन आले. प्रत्येक चाकाला चार नट असतात, त्यातला एक काढून हा बसवायचा. तो साध्या पान्याने हलत नाही, त्याची वेगळी किल्ली असते. ती किल्ली ह्यांनी आपल्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा खिशात. माझ्या मंगळसूत्राची एवढी काळजी कधी केली नव्हती... असो.

तेव्हा माझे आईबाबा नागपूरहून आमच्याकडे आले होते. इथेच बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि भावाच्या खटपटीने मुंबईत बायपासची तारीख मिळाली. शनिवारी दोघांना अमौसीला विमानात बसवायचं, एवढंच माझं काम. ती तारीख हुकली तर पुढची कधी, हे कुणी सांगत नव्हतं.

हे नेमके कानपूरला टूरवर, किल्ली खिशात घेऊन. लायसन्स मिळून मला दीड महिना झाला होता. मी नेते म्हटलं. आई दोनदा म्हणाली, टॅक्सी सांग... मी ऐकलं नाही.

शनिवारी सकाळी बॅगा घेऊन बाहेर आलो. बघते तर बॉनेटवर, बरोब्बर स्टिअरिंगच्या समोर, एक पानांचा द्रोण. आत तेलकट लोखंडी नट... सहा.

आईने माझा हात मागे ओढला. "हात नको लावू! उतारा आहे कुणाचा तरी." शनिवार, द्रोण, त्यात लोखंड, आणि नवरा ऑपरेशनला निघालेला. तिचं सगळंच जुळलं.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण खरं सांगते, त्या सकाळी मीही हात लावला नाही. झाडूने ढकलून द्रोण कडुनिंबाखाली पाडला. नट कुणाचे, कशाचे, हा प्रश्नच डोक्यात आला नाही.

बाबांना चालायला नको म्हणून गाडी भिंतीपासून काढून फाटकाशी आणायला घेतली. दहा पावलं फार तर. बाबा मफलर गुंडाळून फाटकात उभे होते, त्यांनी एकदम हात वर केला. इंजिन बंद कर म्हणाले.

बाबांची सगळी नोकरी बसच्या वर्कशॉपमध्ये गेली. ते माणसांचं कमी आणि चाकांचं जास्त ऐकायचे. वाकू नका, वाकू नका म्हणेपर्यंत वाकलेसुद्धा.

भिंतीकडच्या दोन्ही चाकांना एकेकच नट उरला होता... ह्यांचा लॉकवाला. बाकीचे बोल्ट उघडे.

"तो द्रोण कुठे टाकलास?"

एकेका नटावर मी ह्या माणसाला अमौसीपर्यंत नेणार होते.

चोराने साधे नट सोडवले, लॉकवाला हलेना, म्हणून चाकं सोडून गेला. इथपर्यंत ठीक. पण जाताना तो नट खिशात घालू शकत होता, नालीत फेकू शकत होता. त्याने ते कुठल्याशा चाटवाल्याच्या द्रोणात घातले आणि अशा जागी ठेवले की चालवणाऱ्याला दिसायलाच हवेत. आणि आम्ही शहाण्यांनी ते झाडूने उडवले!

मग आईने जे केलं ते मी विसरणार नाही. जी हात लावू देत नव्हती, तीच निंबाखाली फतकल मारून बसली आणि दवाने भिजलेल्या गवतात चाचपून एकेक नट पदरात टाकू लागली. पाच मिळाले. पाचावर भागेल म्हणून बाबा सांगत होते, पण ती उठेचना. सहावा शेवटी नालीच्या काठाशी सापडला.

हे नट साधे, त्यामुळे किल्लीची गरज नव्हती. साधा पाना डिकीत होताच. बाबा वेताच्या मोढ्यावर बसून हुकूम सोडत होते आणि मी साडी खोचून पान्यावर पाय देऊन आवळत होते. शुक्लाजी मदतीला आले तर बाबा त्यांना म्हणाले, "रहने दीजिए, लड़की कर रही है।" ते वाक्य मला अजून पुरतं.

विमान मिळालं. ऑपरेशन झालं. बाबा पुढे अकरा वर्षं जगले.

आई रोज संध्याकाळी दिवा लावताना घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन "सुखी ठेव" म्हणायची. त्या यादीत शेवटी एकाची भर पडली... "आणि त्या लखनौच्या नटवाल्याला." नागपूरच्या शेजारणीला वाटायचं, कुणी नाटकात काम करणारा ओळखीचा आहे. आईने कधी खुलासा केला नाही. चोर हा शब्द मात्र तिने त्याच्यासाठी पुन्हा वापरला नाही.

आता दिवा मी लावते. यादीतली बरीच नावं गेली... बाबा गेले, आई गेली. ते शेवटचं मात्र मी अजून घेते.