नूरच्या बाजूचे हकम

हकमचाचा कधीच कुणाच्या बाजूला बसायचे नाहीत. आमच्याकडे आले की मी कुठे बसलेय, नवरा कुठे बसलाय ते आधी बघायचे आणि खुर्ची ओढत आमच्या दोघांच्या मधोमध आणून ठेवायचे. आम्ही भांडत नसलो तरी. एकदा माझ्या मुलीने कॉरिडॉरमधली त्यांची कुंडी बॉल मारून फोडली. मी तिला दंडाला धरून त्यांच्या दारात उभं केलं, तर चाचा मलाच म्हणाले, "थांब बाय, पोरीचा ऐकल्याशिवाय मी काय बोलनार नाय." पोरीने बाजू मांडली, "इट बाउन्स्ड लाह, अंकल." चाचांनी ती गंभीरपणे ऐकून घेतली. मग दोघांनी मिळून दुसऱ्या कुंडीत माती भरली आणि मी आपली घरी परतले.

वुडलँड्सच्या आमच्याच मजल्यावर त्यांचा फ्लॅट. वडील रत्नागिरीकडून बोटीवर नोकरी करत इथे आलेले. बायको मलाय होती, ती आम्ही राहायला यायच्या आधीच वारली. मराठी त्यांना आईकडून मिळालं होतं आणि ते बोलायला अख्ख्या ब्लॉकमध्ये आम्हीच. शाळेतून रिटायर झाल्यावर ते शरिया कोर्टासाठी हकम म्हणून काम करत. मुसलमान नवराबायकोचे घटस्फोट इथे त्या कोर्टात चालतात. निकालाआधी कोर्ट कधीकधी दोन हकम नेमतं, एक नवऱ्याच्या बाजूचा, एक बायकोच्या बाजूचा. त्यांनी दोघांशी बोलून काही जुळतंय का ते बघायचं.

माझे सासरे पुण्याहून आले होते, ते शरिया म्हटल्यावर जरा सावरून बसले. चाचांच्या ते लक्षात आलं. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "आमच्या कोर्टात तलवार नाय, टिश्यूचा डबा असतो. कायदा अल्लाचा, शिक्का सरकारचा आनि रडनारी मानसं तुमच्याआमच्यासारखीच." पुढे महिनाभर सासरे रोज त्यांच्याबरोबर खालच्या हॉकर सेंटरवर चहाला जात होते. चाचांचा या कामावर फार जीव. दोघंही थोडे नाराज झाले, पण भांडण मिटवून घरी गेले, म्हणजे न्याय झाला, असं ते म्हणायचे. मला ते तेव्हा पटायचं.

मग एके दिवशी त्यांची एकुलती एक मुलगी नूर शहरातल्याच क्वीन्सटाउनहून बॅग घेऊन आली. तिचा नवरा कामाला जाताना लोखंडी गेटला बाहेरून कुलूप लावून जायचा. तिला घटस्फोट हवा होता. असा घटस्फोट मागायचा हक्क कायदा बायकोला देतो, हे चाचांइतकं कुणाला माहीत असणार? पण ते म्हणाले, कोर्ट नंतर. कुराणात सांगितलंय तसं आधी दोन्ही घरांतला एकेक माणूस बसू दे. नवऱ्याकडून त्याचे काका आले. नूरकडून चाचा बसले. नूरने मलाही बोलावून घेतलं.

काका पुतण्याची बाजू दणकून मांडत होते. एरिया चांगला नाही, पोराला काळजी वाटते, कामाचा ताण आहे. चाचा मान डोलवून ऐकत होते. नूरचा बाप म्हणून आपलं पारडं झुकू नये, एवढीच त्यांना धास्ती. शेवटी त्यांनी तिलाच विचारलं, "यू वेंट आउट विदाउट टेलिंग हिम?"

"टू बाय ब्रेड, अब्बा."

तडजोड झाली. त्याने कुलूप लावायचं नाही, हिने सांगून बाहेर पडायचं. लिफ्टपाशी नूर मला म्हणाली, "ही ब्रॉट हिज अंकल, आँटी. आय ब्रॉट अ जज." ती नवऱ्याबरोबर परत गेली.

कुलूप निघालं आणि दारावर कॅमेरा लागला. हे नूरने बापाला सांगितलं नाही, मला सांगितलं. वर्षभराने तिने स्वतःच कोर्टात अर्ज केला. कोर्टाने तिचं ऐकलं आणि तिला मोकळं केलं. चाचांना ही बातमी कोर्टातल्या जुन्या ओळखीच्या माणसाकडून कळली. तोवर ती नोकरी धरून पर्थला निघून गेली होती.

त्यांनी हकमचं काम सोडलं. आमच्याकडे यायचे, पण बोलणं एकच. "कायद्यात खोट नव्हती, बाय. तिच्या घरातला मानूस बसव म्हनलाय. घरातला, परका नाय. मी माझ्या पोरीला परका झालो. तिचा बरोबर होता." मी चिडून म्हणायचे, चाचा, हे मला कशाला, तिला फोन करा. तर म्हणत, "मी बाप. मी चूक कबूल केली तर तिला माफ करावाच लागेल. नाय म्हनायची मोकळीक तिला राहत नाय. तो पन अन्यायच." या माणसापुढे डोकं आपटावं असं मला वाटायचं. आपल्याच पोरीला दोन शब्द बोलतानाही ते तराजू घेऊन बसत होते. फोन त्यांनी केला नाही.

गेल्या वर्षी सकाळच्या नमाजानंतर ते गेले. त्यांच्यात मातीला उशीर करत नाहीत. नूरचं विमान उतरलं तोवर सगळं आटोपलं होतं. ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि डोळ्यांत पाणी नसताना तिने विचारलं, "आँटी, डिड ही एव्हर से आय वॉज राइट?"

मी म्हटलं, हो, कितीदा तरी. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"टू यू," ती म्हणाली.

मी मान डोलवली. तिने बॅग उचलली आणि बापाच्या फ्लॅटकडे न वळता सरळ लिफ्टकडे गेली.