होळीनंतरचं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. दादाजवळ नाही, बायकोजवळ नाही. आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं ती गेल्या हिवाळ्यात गेली. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच सांगता येतंय.

सावकाश सांगेन. मला एरवीही भरभर लिहिता येत नाही. आणि इथे घाई केली तर मी माझ्या सोयीचं तेवढंच लिहून मोकळा होईन, हे मला ठाऊक आहे.

आमचं गाव चंद्रपूरजवळ, ऊर्जानगरच्या पलीकडे. गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव आहे. आम्ही ढिवर, मासे धरणारे; आजोबा, बाबा, सगळे त्या तलावावर जगले. शिकलेला मी पहिला. शहरातल्या एका वाचनालयात नोकरीला होतो, रोज बसने जाऊन येऊन. दादा वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर. आणि वहिनी — वहिनी गावची सरपंच होती.

ती पाळी बाईची होती, महिला राखीव. वहिनी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचायची, पण वाचायची. आमच्याकडे तेव्हा बाई सरपंच झाली की घरातला कुणी पुरुष तिच्या शेजारी बसायचा. त्याला कुणी नेमायचं नाही, तो बसायचा. दादाची शिफ्ट बदलती, म्हणून बसणारा मी. येणारा माणूस वहिनीला नमस्कार करायचा आणि बोलायचा माझ्याशी. मी म्हणायचो, "सरपंचबाईंना विचारा." मग उत्तरही मीच द्यायचो. वहिनीला काही विचारायचं असलं की ती मान न वळवता, पदराआडून, हळू आवाजात विचारायची. मी तसंच हळू सांगायचो. तिने माझं सांगणं कधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतलं नाही. घेतलं असतं तर?

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. एका कंपनीला आमच्या शिवारात संगणकांची मोठी इमारत बांधायची होती. आता त्याला डेटा सेंटर म्हणतात. तेव्हा तो शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. कुठल्या कुठल्या बँकांचे, टेलिफोनवाल्यांचे हिशेब तिथल्या यंत्रांत राहणार, एवढं कळलं. वीज केंद्र जवळ म्हणून जागा आमची. यंत्रं तापतात, ती गार ठेवायला पाणी लागतं, ते तलावातून उचलणार. त्यासाठी ग्रामपंचायतीची ना हरकत हवी होती.

गावाने त्या इमारतीला आधीच नाव देऊन टाकलं होतं — थंडी गिरणी.

आता तलावाचं सांगायला हवं. आमच्याकडे होळी झाली की तलावाच्या पाळीतली, म्हणजे बांधातली, मोरी बंद व्हायची. त्यानंतर शेताला पाणी नाही, कुणालाच नाही, मग तो कितीही मोठा असो. मधल्या डोहात जे पाणी राहील ते मासोळीचं आणि ढोरांचं. उन्हाळाभर मरळ त्या डोहात तग धरायची आणि पुढच्या पावसाळ्यात तलाव पुन्हा भरायचा, पाण्याने आणि मासोळीनेही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची कधी गरज पडली नव्हती.

कंपनीचा इंजिनिअर तरुण होता, नागपूरचा. पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या हातात वाचनालयाचं पुस्तक होतं. त्याने ते घेऊन चाळलं, आणि पाळीवर चिंचेखाली उभं राहून आम्ही बराच वेळ इंग्रजीत बोललो. माझं इंग्रजी वाचनातलं, बोलायला अडखळायचं. तो थांबून ऐकायचा. जाताना म्हणाला, या भागात इतकं बोलता येईल असा माणूस पहिल्यांदा भेटला. मी म्हणालो, गावाची काळजी करू नका, मी समजावीन.

हे वाक्य मी का बोललो? मला कुणी काही दिलं नव्हतं, देऊ केलंही नव्हतं. कधी कधी वाटतं, काही घेतलं असतं तर निदान सांगायला सोपं गेलं असतं.

ग्रामसभेच्या आधी आमचे ग्रामसेवक चहाच्या टपरीवर भेटले. इकडेतिकडे बोलून झाल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, "भाऊ, नुसतं ना हरकत देऊ नका. काय अटी टाकायच्या त्या ठरावात टाका. पाणी कधी उचलायचं, किती उचलायचं, जनरेटर कधी चालवायचा — सगळं टाकता येते. तलाव तुमचा, ठराव तुमचा. माह्यी बदली होऊन राह्यली, पुढचा सांगन न सांगन."

मी मान हलवली. वाक्य न् वाक्य मला समजलं होतं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. इंजिनिअर आणि त्याचे दोन साहेब पुढे खुर्च्यांवर. वहिनी टेबलामागे, शेजारी मी. साहेब हिंदीत बोलले. मी मराठीत सांगितलं. मग सखाराम भाऊ उठले. वय झालेलं, थट्टेखोर माणूस.

"मले एक सांगा, धान नाई, गहू नाई, मंग हे गिरणी दळते काय?"

"माहिती साठवते, भाऊ," मी म्हणालो.

"आन पानी काऊन लागते? कम्पुटर पानी पेते का?"

"पीत नाही. तापतो, म्हणून त्याला पाण्यानं गार ठेवावं लागतं."

"मंग सरळ म्हना ना, म्हशीवानी आहे. उन्हाड्यात डुंबाले पाह्यजे."

पटांगण हसलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. इंजिनिअरही हसला, पण त्याने हसताना माझ्याकडे पाहिलं, आणि माझे कान तापले. आपण दोघं एका बाजूचे आणि हे सगळे दुसऱ्या, असं काहीतरी त्या पाहण्यात मला दिसलं. खरंच होतं का? की मला ते तिथे हवं होतं?

त्या हसण्यातच वहिनीने विचारलं. मान न वळवता, नेहमीसारखं.

"भाऊजी, होळीची गोष्ट ठरावात टाकता येते का? होळीनंतर पानी उचलाचं नाई, असं."

बघा, किती नेमकं विचारलं तिने. ग्रामसेवकांचं बोलणं तिने ऐकलेलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं होतं.

आता मला काय करायचं होतं? उभं राहायचं आणि नागपूरच्या त्या माणसासमोर म्हणायचं की आमची अट आहे, होळीनंतर पाणी मासोळीचं. नुकतीच म्हशीची थट्टा झालेली. त्यावर मी मरळ आणि ढोरं घेऊन उभा राहणार. ज्याच्याशी पुस्तकांवर बोललो त्याला कळणार की हाही शेवटी मासेवाल्यांचाच. तसा मी होतोच. त्याच मासोळीवर माझी शाळेची वर्षं निघाली होती. आई टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायची ती कशासाठी?

मी वहिनीला हळूच म्हणालो, "नाई वहिनी. पंचायतीले अट टाकता येत नाई. हो म्हनाचं, नाईतर नाई म्हनाचं. तेवढंच."

हे खोटं होतं. मला माहीत असलेलं खोटं. बोलताना आवाजही बदलला नाही.

तिने समोर पाहिलं. समोर पोरांची रांग बसली होती, त्यांना चौकीदारी, माळीकाम मिळणार होतं. 'नाही' म्हणणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने हात वर केला, मग सगळ्यांनी केले.

इमारत झाली. त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात होळी होऊन गेली तरी पंप चालू राहिला. डोह आटत गेला. आधी कडेचा चिखल फाटला, मग मधला. मरळ चिखलात तोंड वर काढून मेली. पाळीवरून जाताना लोक नाकाला कापड लावायचे. ढिवरांच्या बाया बाजारात बसायच्या त्या जागा रिकाम्या राहिल्या. पुरुष मिळेल त्या मजुरीला लागले, काही घरं आरमोरीकडे सोयऱ्यांकडे निघून गेली.

वहिनी कंपनीच्या गेटवर गेली, एकटी. मला वाचनालयात काम होतं — असं मी सांगितलं. इंजिनिअर तिच्याशी अदबीने बोलला, तिला खुर्ची दिली, आणि म्हणाला, "मॅडम, आपके ठराव में तो ऐसा कुछ लिखा नहीं है." घरी येऊन तिने ते जसंच्या तसं हिंदीत म्हणून दाखवलं आणि चूल पेटवायला गेली.

मग पुन्हा ग्रामसभा. तेच पटांगण. या वेळी कुणी थट्टा केली नाही. शेवंताबाई उठली — वहिनीची लहानपणापासूनची मैत्रीण, दोघी एकाच गावाहून या गावात नांदायला आलेल्या.

"तू ढिवराची सून. तुले होळीचं मालूम नव्हतं का? सही कराच्या आंधी कोणाले इचारलं तरी का?"

मी वहिनीच्या शेजारी बसलो होतो. तिने माझं नाव घेतलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"कोणाले नाई," वहिनी म्हणाली. "माह्याच डोक्यानं केलं."

"लय मोठं डोस्कं आलं तुले, खुर्चीवर बसली त."

मी टेबलाकडे पाहत होतो. तोंड उघडायला भरपूर वेळ होता. दुसऱ्या बायका बोलल्या, पुरुष बोलले, तरी वेळ होता.

पुढे सदस्यांनी अविश्वास ठराव आणला आणि तिचं सरपंचपद गेलं. त्या जागी दुसऱ्या बाई सरपंच झाल्या. त्यांनी पुढच्याच सभेत दोन ओळींचा ठराव केला, होळीनंतर तलावातून उपसा बंद. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. कंपनी कोर्टात जाईल, भांडेल, असं काही होईल तर बरं, म्हणजे माझं सांगणं खरं ठरेल, असंही वाटत होतं. कंपनीने उन्हाळ्यासाठी दुसरीकडून पाण्याची सोय केली. इंजिनिअर मला रस्त्यात भेटला. म्हणाला, "पहले बता देते, तो पहले ही कर देते. आपने तो कुछ कहा ही नहीं." तो चांगला माणूस होता. त्याच्यासमोर मरळीचं नाव काढायला मी लाजलो होतो.

इथवर तुम्हाला वाटेल, झालं, सांगून संपलं. नाही. ज्यासाठी लिहायला बसलो ते पुढेच आहे.

नव्या ठरावाची बातमी आली त्या संध्याकाळी वहिनी अंगणात जाळं दुरुस्त करत होती. मी आत चाललो होतो. तिने सुतावरून नजर न काढता विचारलं,

"भाऊजी, आता अट टाकता येते म्हंतेत. कायदा बदलला असन, नाई?"

तिला खरंच तसं वाटलं होतं? की सगळं कळूनच तिने मला विचारलं? मला ठरवता आलेलं नाही. पुष्कळ वर्षं मी त्या आवाजात काही सापडतं का ते शोधत राहिलो. साधा आवाज होता. तिथे कुणी तिसरं नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर ते फक्त तिने ऐकलं असतं.

मी म्हणालो, "हो वहिनी. बदलला."

"हं," ती म्हणाली, आणि गाठ मारून सूत दाताने तोडलं.

त्यानंतर ती कधी पंचायतीच्या दारात गेली नाही. बाजारात बसायला लागली, तर काही बाया जागा सरकवून दूर बसायच्या. सरपंचबाईनं डोह विकला, असं पोरंसोरंही म्हणायची. दादा चिडायचा, ती नाही. शेवंताबाई तिच्याशी बोलली ती थेट शेवटच्या आजारपणात.

वहिनीच्या तेरवीला, तेराव्या दिवशी, सगळं गाव जेवायला आलं होतं. वाढून झाल्यावर मीही पंगतीत बसलो. समोर शेवंताबाई. डोळे पुसून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई मनाची लय चांगली होती. पन समज नव्हती तिले. भोळी होती बिचारी." मग माझ्याकडे वळली. "तुमी शिकेल मानूस, भाऊ. तुमी एवढे जवळ होते. खरं का नाई?"

पंगत माझ्याकडे बघत होती. दादाही.

मी म्हणालो, "हो. भोळी होती." आणि जेवू लागलो.