वामनचं राज्य आणि माझे हुकूम

वामनच्या बाराव्याला मी त्याच्या पणजोबांचं नाव चुकीचं सांगितलं. जे सांगितलं ते एका राजाचं होतं, आणि तो राजा पृथ्वीवर कधी होऊन गेलेला नव्हता.

झालं असं की, सपिंडीच्या वेळी गुरुजींनी वामनच्या मागच्या तीन पिढ्या विचारल्या. त्याचा मुलगा निखिल बेंगळुरूहून आलेला. त्याने एक नाव सांगितलं, दुसरं आठवून आठवून सांगितलं आणि तिसऱ्याशी अडला. दूधविनायकाच्या गल्लीतल्या वामनच्या घरात लोखंडी कपाटं भरून नामावळीच्या वह्या आहेत. नाशिकपासून नागपूरपर्यंतचा कोणीही यजमान काशीला आला की वही काढून त्याच्या खापरपणजोबांचं नाव त्याला दाखवायचं, हे त्या घराचं पिढीजात काम. पण स्वतःच्या घराण्याचं पान त्या वह्यांत नाही. "आपलं काय लिहायचं, आपण इथेच आहोत," असं वामन म्हणायचा. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासूनचा मित्र, ह्याला माहीत असणारच. मलाही तसंच वाटलं. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "मल्हार." गुरुजींनी दर्भ सावरून मंत्र सुरूही केला, तेवढ्यात आतून कुसुमवहिनींचा आवाज आला, "थांबा. सदाशिव. मल्हार तो कॉम्प्युटरमधला."

गुरुजी तरुण होते. त्यांनी निखिलकडे पाहिलं. निखिलने मान खाली घातली होती आणि त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की रडत होता ते गुरुजींना कळलं नसावं. मला कळलं, कारण माझंही तेच चाललं होतं.

हा मल्हार कोण, ते सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी निखिलने वडिलांना एक कॉम्प्युटर आणून दिला, रोज तोंड दिसावं म्हणून, आणि जाताना त्यात एक खेळ टाकून गेला. पत्ते-बुद्धिबळासारखा खेळ नव्हे. पडद्यावर अख्ख्या जगाचा जुना नकाशा येतो, त्यातलं एखादं राज्य आपण घ्यायचं आणि ते चार-पाचशे वर्षं चालवायचं… लढाया, तह, सोयरिकी, व्यापार, बंडं. आमचा एक डाव आठ-आठ महिने चाले. मी नुकताच रेल्वेतून निवृत्त झालो होतो. कंट्रोल ऑफिसात बसून टेलिफोनवर गाड्या थांबवण्या-सोडण्यात आयुष्य गेलेलं, आणि घरात आता माझ्या सांगण्यावरून पंखादेखील कोणी लावत नव्हतं. वामन सकाळी शिंदे घाटावर यजमानांची कृत्यं उरकायचा, जेवून झोपायचा, आणि चारच्या ठोक्याला मी हजर. तो खुर्चीत, माउस त्याच्या हातात. मी शेजारी स्टुलावर, हुकूम माझ्या तोंडात. आमचं राज्य खानदेशातलं, बारकंसं, कोणाच्या खिजगणतीत नसलेलं. मल्हार हा त्या घराण्याचा मूळ पुरुष. आमचा एखादा राजा मेला की वामन खेळ तिथेच थांबवायचा. "गुरू, आधी तीन पिढ्या सांग," असं मला बनारसी थाटात म्हणायचा. मी नावं बरोबर सांगितल्याशिवाय नव्या राजाला गादीवर बसू द्यायचा नाही. सात वर्षांत मी इतक्या राजांच्या पिढ्या म्हटल्या की बाराव्याला जिभेवर जे आलं ते आलं.

गेल्या उन्हाळ्यात त्या खेळाचा नवा भाग आला. निखिलने त्यासाठी नवं, जास्त ताकदीचं मशीन पाठवलं. खेळ इंटरनेटवरून उतरवायला तीन दिवस लागले, कारण गच्चीवरून आलेली तार माकडांनी दोनदा तोडली. तिसऱ्या दिवशी कुसुमवहिनी छत्री आणि काठी घेऊन तारेच्या राखणीला बसल्या. "जन्मात केलं नव्हतं ते हे एक राहिलं होतं," म्हणाल्या. संध्याकाळी पडद्यावर नवा नकाशा उघडला आणि आम्ही दोघं साठीपुढचे म्हातारे मुलांसारखे पुढे सरकलो. आधीच्या भागात काशी म्हणजे एक ठिपका होता. आता गंगेचं वळण दिसत होतं, काशीचं नाव वेगळं लिहिलेलं, आणि पलीकडे रामनगरच्या जागेला वेगळा तुकडा. वामन तर पडद्याला नाक लावून आपली गल्ली शोधायला लागला.

पहिल्या तासात मी राज्य बुडवलं.

चूक माझी, पण तेव्हा मी ती खेळाची मानली. आधीच्या भागात राजाला दर महिन्याला काही गुण मिळत, ते खर्च केले की काम त्या क्षणी व्हायचं. नव्या भागात गुणबीण नाहीत. तिथे माणसं आहेत. गावागावात शेतकरी किती, विणकर किती, भटजी किती, ते काय खातात, कशावर चिडतात, सगळं मोजलेलं. आणि राजधानीपासून जेवढं लांब जाल तेवढा तुमचा हुकूम पातळ होत जातो. मी नेहमीप्रमाणे पहिल्याच दिवशी शेजाऱ्यावर स्वारी काढली आणि सगळ्या शेतकऱ्यांना भाला दिला. पावसाळा आला तेव्हा शेतात कोणीच नव्हतं. लांबच्या किल्ल्यावर मदत पाठवायचा हुकूम सोडला, तर किल्लेदाराने ऐकलंच नाही. जन्मभर टेलिफोन उचलून ज्याने मुगलसरायपलीकडच्या गाड्या उभ्या केल्या, त्याच्या हुकमाला एक किल्लेदार भीक घालत नाही म्हणजे काय?

"खेळ बिघडवून टाकलाय यांनी," मी म्हणालो. "आपण जुनाच खेळू."

वामन पडद्याकडे बघतच होता. "बाळ्या, इकडे बघ," तो म्हणाला. "हे शेतकरी. प्रत्येक गावचे वेगळे. मी जन्मभर ज्यांच्या पिढ्या लिहिल्या ना, त्यांत राजा एकही नव्हता. सगळे हेच होते. पहिल्यांदा दिसतायत."

"दिसू देत. ऐकत नाहीत त्याचं काय?"

"माझे यजमान तरी कुठे ऐकतात? मी जुना खेळणार नाही. तुझी मर्जी."

मी उठलो आणि घरी गेलो. नऊ दिवस फिरकलो नाही. माझ्या लॅपटॉपवर जुना भाग होता, तो एकट्याने खेळलो. चार दिवसांत दिल्ली घेतली, सहाव्या दिवशी काबूल. काबूल घेतल्यावर स्टुलावरून वळून कोणाला तरी काही बोलायचं असतं, ते बोलायला कोणी नव्हतं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "येताना कोथिंबीर आणा." दहाव्या दिवशी चार वाजता मी मुकाट्याने दूधविनायकाच्या गल्लीत शिरलो. वामनने वर पाहिलंदेखील नाही. पायाने स्टूल माझ्याकडे ढकललं आणि म्हणाला, "धान्याची कोठारं बांधलीयत. बोल, पुढे काय?"

पुढचे सात महिने… त्या सात महिन्यांसारखा काळ माझ्या आयुष्यात दुसरा नाही. नोकरी लागली तेव्हा नाही, लग्नात तर नाहीच. रोज काहीतरी नवं हाती लागायचं. रस्ता बांधला की हुकूम लांबवर पोचतो हे आम्हाला कळलं त्या दिवशी वामन उठून खोलीभर चालला. नदीतून नावा सोडल्या की रस्त्याहूनही लवकर पोचतो हे कळलं, तेव्हा मी उठलो आणि स्टूल पडलं. खेळ समजावून सांगणारे व्हिडिओ होते, पण ते पोरगे बोलायचे एवढ्या वेगाने की वामन म्हणायचा, हा संकल्प सांगतोय की पळतोय. मग त्याने दुसरी वाट काढली. धुळ्याकडचे एक यजमान आईचं करायला आले होते. नामावळी लिहून झाली, आणि वामनने त्याच गंभीर चेहऱ्याने विचारलं, "पाऊस महिनाभर लांबला तर आधी काय पेरता?" यजमान बिचारे हात जोडूनच म्हणाले, "बाजरी." "आणि बैल विकायची वेळ आली तर आधी बैल की घरातलं सोनं?" "सोनं, शास्त्रीबुवा. बैल शेवटी." "कामाला माणसं बाहेर गेली तर पेरणी कोण करतं?" यजमानांना तो विधीचाच भाग वाटला. त्यांनी बायकोलाही पुढे बोलावून उत्तरं द्यायला लावली. त्या संध्याकाळी वामनने माझी फौज पेरणीच्या आधी घरी पाठवली, आणि त्या वर्षी आमच्या खानदेशात कधी नव्हे एवढं पिकलं.

मी हुकूम सोडतच होतो. ह्याच्यावर चालून जा, तो घाट अडव, ह्या किल्ल्यातली शिबंदी काढून तिकडे ने. वामन "ठीक" म्हणायचा आणि माउस फिरवायचा. दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर राज्य ठणठणीत. कोठारं भरलेली, लोक खूश, किल्लेदार आज्ञेत. मला वाटायला लागलं की मी हा नवा भागही जिंकला. अस्सी घाटाच्या चहावाल्यापासून भाच्याच्या सासऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं की, आधी मलाही जड गेलं, पण माणसाने बदलायला शिकलं पाहिजे. व्याख्यानच द्यायचो. बुऱ्हाणपूर आम्ही लढाई न करता घेतलं, नुसतं तिथलं धान्य आमच्या वाटेने वळवून. वेस उघडली तेव्हा वामनने माझा हात एवढ्या जोरात दाबला की अंगठी रुतली. वहिनी धावत बाहेर आल्या, काय झालं म्हणून. "बुऱ्हाणपूर आलं," वामन म्हणाला. त्या म्हणाल्या, "मला वाटलं निखिल आला."

माघात एका सकाळी तो घाटावरून आला, ओलं धोतर दोरीवर टाकलं, "चहा टाक" म्हणाला आणि त्याच खुर्चीत बसला. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा तो नव्हता. मला निरोप आला तेव्हा मी कचोरी घ्यायला रांगेत उभा होतो. कचोरीचा पानाचा दोना हातात तसाच धरून मी गल्ल्यांतून धावलो. तिथे पोचल्यावर कोणीतरी तो माझ्या हातातून काढून घेतला.

तेराव्यानंतर निखिल परत जायला निघाला. आईने बरोबर चलावं म्हणून त्याने फार सांगितलं. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात बघू." मग मशीनचं काय करायचं, असा विषय निघाला. मी घसा साफ करून म्हणालो की, डाव अर्धवट आहे. मल्हारच्या घराण्याची अकरावी पिढी गादीवर आहे. ते राज्य वामनच्या हातचं आहे आणि मी जिवंत असेपर्यंत ते बुडणार नाही. फार गंभीरपणे म्हणालो. आणि मनापासून म्हणालो, हेही खरं. त्याचं जे काही चालू स्थितीत उरलं होतं, ते एवढंच होतं. निखिल डोळे पुसत म्हणाला, "बाळूकाका, तुम्हीच चालवा." वहिनी म्हणाल्या, "या चार वाजता. खोली उघडीच असते."

तर मी गेलो. माउसची वायर स्टुलापर्यंत पोचेना म्हणून खुर्चीत बसावं लागलं. पहिला दिवस नुसता नकाशा फिरवून बघण्यात गेला. दुसऱ्या दिवसापासून मी अगदी तेच केलं जे सात महिने करत आलो होतो. तेच हुकूम, तसेच हुकूम, फक्त आता बटणही मीच दाबत होतो. चौथ्या दिवशी लांबचे दोन किल्ले ऐकेनासे झाले. सहाव्या दिवशी कोठारं रिकामी. आठव्या दिवशी बुऱ्हाणपुरात दंगा झाला आणि राजाला पळून जावं लागलं. मी निखिलला फोन लावला.

"अरे, ह्यांनी नवीन अपडेट टाकून खेळ बिघडवलाय. वामन होता तेव्हा असं काही होत नव्हतं."

"काका, बाबा गेल्यापासून अपडेट आलेलंच नाही."

"मग मशीन बघ. मी तेच करतोय रे, जे आम्ही रोज करत होतो."

फोन ठेवून बघतो तर वहिनी दारात उभ्या, हातात तांदळाचं ताट. त्या आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. पडद्याकडे एकदा पाहिलं.

"शेतकरी कुठायत?" त्यांनी विचारलं.

"फौजेत."

"हं." दोन खडे बाजूला काढले. "बाळूभावजी, तुम्ही साडेसहाला उठून जायचात. त्यानंतर हे अर्धा-पाऊण तास बसायचे."

"कशाला?"

"तुम्ही दिवसभरात जे जे करायला सांगितलं असेल, ते परत फिरवायला. फौजा घरी, शिबंदी जागच्या जागी. एखादा हुकूम तेवढा ठेवायचे, तुम्हाला संशय येऊ नये म्हणून."

मी पडद्याकडे पाहिलं. दिसेनासं झालं होतं. "आणि बुऱ्हाणपूर?"

"ते त्यांचंच. तुम्ही चालून जा म्हणाला होतात."

"मला सांगायचं तरी…"

"मी म्हटलं होतं, सांगून टाका एकदा. तर म्हणाले, नको, सांगितलं तर यायचा बंद होईल."

बाहेर गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "एवढा त्रास घेतला त्याने माझ्यासाठी."

"त्यांना कसला त्रास, हसत बसायचे एकटे," वहिनी ताट झटकून उठल्या. "मी तीनतीनदा हाका मारायची. सात महिने त्या माणसाने तुमच्यापायी गार आमटी खाल्ली."