एकाच बोर्डाखाली तीन कटिंग लेंग्थ

चाकणच्या ज्या कंपनीत मी टूल टेस्टिंगला आहे, तिथं माझं काम सांगायला सोपं आणि समजवायला अवघड आहे. लेथवर पोलाद कापायला नखाएवढा एक कठीण तुकडा लावतात, त्याला इन्सर्ट म्हणतात. तो किती मीटर पोलाद कापेपर्यंत धार धरून राहतो, हे मी मोजते. त्या अंतराला आम्ही कटिंग लेंग्थ म्हणतो. नोकरी करता करता एमटेकला बसले तेव्हा प्रबंधालाही हाच विषय घेतला.

चाकणच्या पलीकडे आमचं गाव. तिथं माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, हे सगळं दोन शब्दांत आवरलं होतं. कुणी विचारलं की म्हणायचे, "पोरगी लोखंड कापती." त्यापुढे कुणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

गेल्या वर्षी पिंपरीतल्या एका कॉलेजात संशोधनाची पोस्टर स्पर्धा होती. सगळ्या शाखांना खुली. फॉर्मवर 'विषय थोडक्यात' असा एक रकाना होता, मी त्यात 'कटिंग लेंग्थ' एवढंच लिहिलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आप्पा डोळे तपासायला चिखलीला माझ्याकडे आले होते. सकाळी मी पोस्टरची गुंडाळी काखेत घेऊन निघाले, तर ते टोपी घालून दारात उभे.

"येऊ का मी पन? बगतो तरी काय कापती."

हॉलमध्ये गेलो. मेकॅनिकलच्या रांगेत माझं नाव नव्हतं. दोन फेऱ्या मारल्यावर ते सापडलं पार कोपऱ्यात, खिडकीखाली. तिथं तीन स्टँड उभे होते आणि वर एकच बोर्ड लावला होता: कटिंग लेंग्थ. माझ्या डाव्या हाताला सांगवीहून आलेली एक मुलगी होती. ती उद्यानविद्येची, तिच्या पोस्टरवर गुलाबाच्या फांद्यांचे फोटो. उजव्या हाताला जनावरांचे एक तरुण डॉक्टर. त्यांच्या पोस्टरवर एक गाय तोंड वळवून आमच्याकडे बघत होती.

मी संयोजकांना गाठलं. ते कॉलेजातलेच एक सर, गळ्यात कार्ड, हातात याद्या. म्हटलं, "सर, आमची काहीतरी सरमिसळ झालीय."

त्यांनी यादी पाहिली. "कुठं मॅडम? तिघांनी विषय एकच लिहिलाय. मी तर खूश झालो, म्हटलं एक गट आपोआप जमला."

हलवायला जागाही नव्हती, वेळही नव्हता. परीक्षक दारातून आत येतच होते. ते शेतीचे निवृत्त प्राध्यापक. दोन पावलं लांबूनच बोर्ड वाचून, पोस्टरकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "मुळं किती दिवसांत फुटतात?"

"सर, याला मुळं फुटत नाहीत. धार जाते."

त्यांनी चष्मा नाकावर सारला, पोलादाचे फोटो पाहिले, मग गुलाब, मग गाय. म्हणाले, "असं करा. तिघांनीही मला एकेका वाक्यात सांगा, लांबी कमी झाली तर काय बिघडतं आणि जास्त झाली तर काय."

सांगवीची मुलगी पहिली बोलली. फांदीचा तुकडा आखूड कापला तर त्यात डोळे कमी आणि साठवलेलं अन्नही कमी, तो तग धरत नाही. लांब कापला तर मुळं फुटायच्या आत वरचा भाग वाळतो. डॉक्टर म्हणाले, चारा लांब कापला तर गाय निवडून खाते आणि निम्मा गव्हाणीत तसाच पडतो. फार बारीक कापला तर ती रवंथ कमी करते आणि दुधाची फॅट उतरते. मी म्हटलं, इन्सर्ट लवकर बदलला तर चांगली धार कचऱ्यात जाते. उशिरा बदलला तर तो तुटतो आणि जॉबही, म्हणजे कापायला लावलेला पोलादाचा तुकडाही, खराब करतो.

"म्हणजे तिघंही मधली जागा शोधताय," परीक्षक म्हणाले. "बोर्ड लावणाऱ्याचं फारसं चुकलं नाही."

आम्ही तिघं पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून हसलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आप्पा माझ्या पोस्टरपाशी नाहीतच. ते गाईसमोर हाताची घडी घालून उभे होते.

"डॉक्टर," ते म्हणाले, "बारीक कापल्यानं फॅट उतरती, हे कुनी सांगितलं तुमाला?"

डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवलं. आप्पांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "आमी तर ऐकत आलोय, बारीक कापलं की गाईला पचायला सोपं."

त्यांचा पीळ मला ठाऊक होता. महिन्यापूर्वी त्यांनी विजेवरचं नवं कुट्टी मशीन आणलं होतं. सगळ्यात बारीक गिअरवर मक्याचा चारा इतका बारीक होई की आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला मूठभर कुट्टी दाखवून म्हणत, "पिठावानी हाय का न्हाई?" आणि त्याच महिन्यात डेअरीवर फॅट घसरली होती. त्याचा दोष आधी डेअरीच्या मशीनला दिला, मग पेंडीला, मग थोरल्या गाईच्या स्वभावाला. कुट्टीवर कुणाचा संशय गेला नव्हता.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "काका, दुपारी गाई बसल्या की रवंथ करतात का? नीट आठवा."

आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. "हल्ली जरा कमीच करत्यात," ते म्हणाले. लगेच पुढे, "पन ऊन फार हाय यंदा."

डॉक्टर हसले नाहीत, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटलं. आप्पा तिथून निघाले ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझं पोस्टर त्यांनी वरून खालपर्यंत पाहिलं. झिजलेल्या धारेच्या मोठ्या केलेल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ही तुझी धार?"

"हो. इथं झिजलीय बघा."

"मंग ही झिजत चालली, की कापलेला जॉब मापाचाच ऱ्हातो का? का फुगत जातो?"

जॉब फुगतो. धार झिजली की ती मागे सरते, कमी कापते आणि जॉबचा व्यास वाढत जातो. हे मला रोज दिसत होतं. पण मी धार मोजली, अंतर मोजलं, जॉबचा व्यास मात्र लिहून ठेवला नव्हता. परीक्षक मागेच उभे होते. ते म्हणाले, "मीही हेच विचारणार होतो." मी पोस्टरच्या कोपऱ्यात पेननं 'व्यास' असं लिहून ठेवलं.

बक्षीस गुलाबाला मिळालं, आणि ते योग्यच होतं. जाताना आप्पांनी डॉक्टरांचा नंबर मागून घेतला. मला सांगितलं, "सहज घेतला."

पुढच्या रविवारी गावी गेले तर गोठ्यासमोर कुट्टीचे तीन ढीग होते. आप्पांनी मशीनचा गिअर बदलून तीन मापं काढली होती आणि तीन गाईंना तीन वेगळी मापं द्यायचं ठरवलं होतं. मी पर्समधून व्हर्निअर काढला आणि अंगणात बसून कुट्टीचे तुकडे मोजायला लागले. कंपनीत ज्या मापयंत्रानं आम्ही केसाएवढी तफावत पकडतो, त्यात मक्याचं धांडं धरलं की ते दबतं आणि दर वेळी वेगळा आकडा देतं. शेजारचे दोघं-तिघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले. आई तांब्या घेऊन बाहेर आली, आमच्याकडे बघून म्हणाली, "मोजून झालं आसंल तर त्यान्ला खाऊ द्या. त्या कवाच्या बगायल्यात."

सगळ्यात शेवटी कापलेल्या ढिगातले तुकडे टोकाला फाटलेले, चिंध्या झाल्यासारखे होते. मी पाती काढून पाहिली. दगड लागून धार बोथट झाली होती, मशीन कापत नव्हतं, ओरबाडत होतं. पाती मी चिखलीला नेली आणि आमच्या गल्लीतल्या एका वर्कशॉपमधून घासून आणली. वर्कशॉपवाल्यानं विचारलं, "मॅडम, कंपनीचा जॉब का?" मी म्हटलं, "गाईचा."

आप्पा दर दोन दिवसांनी डॉक्टरांना फोन करत आणि मला फोन करून डॉक्टर काय म्हणाले ते सांगत. सुरुवात नेहमी एकच, "तसं मला म्हाईतच होतं, पन डॉक्टर बी तेच म्हनला." डेअरीवर ते तिघींचं दूध वेगवेगळं तपासून घेत. तीनेक आठवड्यांत, मधल्या मापावरच्या गाईची फॅट चढली. बारीक मापावरची होती तिथंच राहिली. तिला मधलं माप सुरू केल्यावर तीही चढायला लागली. थोरली मात्र लांब तुकडे जिभेनं बाजूला सारायची आणि नुसती पानं खायची. मधल्या मापालाही ती तोंड लावेना. तिचे दात झिजले होते. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले, हिला जरा बारीकच द्या.

"म्हंजी सगळ्यांचं माप एक न्हाई," आप्पा म्हणाले. हे मात्र त्यांनी आधीच माहीत असल्याचं सांगितलं नाही.

मी कंपनीत परत सगळ्या चाचण्या केल्या, या वेळी प्रत्येक जॉबचा व्यास लिहून ठेवला. नवा आलेख प्रबंधात सगळ्यात उपयोगाचा निघाला. आमच्या विभागात आता इन्सर्ट बदलायची वेळ त्यावरूनच ठरते. तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, हे मोजायचं कसं सुचलं? मी सांगितलं, वडिलांनी विचारलं म्हणून. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आदरानं विचारलं, "वडील याच क्षेत्रात आहेत का?" मी हो म्हणून टाकलं.

डॉक्टरांनी पुढच्या पोस्टरसाठी आमच्या गोठ्याची माहिती मागितली. आप्पांनी ताबडतोब परवानगी दिली. अट एकच, फोटो चांगला पाहिजे. त्या दिवशी त्यांनी थोरलीला सकाळीच धुतलं, शिंगांना तेल लावलं, स्वतः धुतलेलं धोतर नेसले. डॉक्टरांनी फोटो काढला. गाय पूर्ण आली, अगदी समोर बघणारी. आप्पांचा दावं धरलेला हात तेवढा आला. त्यांनी फोन दूर धरून फोटो बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "चांगली आलीय."